खडकीच्या दगडांवरची नावं

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी दे, असं रूमवर येऊन सांगितलं गेलं तेव्हा मी ‘मैत्री’, ‘पाऊस’ आणि ‘होस्टेलचे दिवस’ हे तीन विषय आधीच बाद केले. मेसच्या वरणावर दरवर्षी कुणीतरी लिहितंच. मग मनात राहिलेला एकच विषय उरला. तो जरा विचित्र आहे. मी तुम्हाला एका कबरस्तानाबद्दल सांगणार आहे. घाबरू नका, भूतबित काही नाही. मोजमापं आहेत, आकडे आहेत आणि शेवटी आपल्या घरचा एक प्रश्न आहे.

सहाव्या सेमिस्टरनंतर मी इनप्लांट ट्रेनिंगसाठी पुण्याला गेलो होतो. शेगावला महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडायची, रात्रभर खिडकीला डोकं टेकून झोपायचं आणि डोळे चोळत पुण्याला उतरायचं, हे आपल्याकडच्या पोरांना काही नवीन नाही. राहायला मामाकडे होतो. मामा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेले, मूळचे नांदुऱ्याकडचे. पुण्यात आयुष्य गेलं तरी माझ्याशी बोलताना अस्सल वऱ्हाडी. पहिल्याच रविवारी मी विचारलं, “मामा, इथं जवळ काय आहे पाहण्यासारखं?” तर म्हणाले, “शनिवारवाडा पाह्यला असशीन. चाल, तुले गोऱ्याईचं कबरस्तान दाखवतो. सिव्हिलवाला हायस ना तू? तिथली लाइन-लेव्हल पाह्य एकडाव.”

मुळा नदीजवळ, होळकर पुलाच्या बाजूला ही जागा आहे. नाव खडकी युद्ध स्मशानभूमी. आत शिरलो आणि पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे ओळी. कोणत्याही कोपऱ्यातून पाहा, सरळ, तिरकं, आडवं, ओळ कुठंही मोडत नाही. आम्ही सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला रेंजिंग रॉड लावून तीन पॉइंट एका रेषेत आणताना घामाघूम होतो. इथं दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी आहेत आणि सगळ्या जणू दोरी धरून बसवलेल्या.

मग मी नावं वाचायला लागलो. वय वीस, बावीस, एकोणीस. म्हणजे आपल्या सेकंड इयरची मुलं. दहा-बारा दगड वाचल्यावर मी वाचायचं थांबवलं. मामा म्हणाले, “का रे, काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही, ऊन लागतंय.”

लढाई तिकडे, कबरी इकडे कशा?

माझा पहिला प्रश्न अगदी साधा होता. पुण्यात तर दुसऱ्या महायुद्धाची लढाई झालीच नाही. मग हे एवढे सैनिक इथं कसे?

उत्तर असं की युद्धात माणूस फक्त आघाडीवर मरत नाही. छावणीत मलेरियानं मरतो, ट्रेनिंगमध्ये अपघातानं मरतो, जखमी होऊन मागच्या हॉस्पिटलात आणल्यावर मरतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे दारूगोळ्यानं आणि कापसाच्या गाठींनी भरलेलं जहाज फुटलं. आग विझवणारे ६६ अग्निशामक जवान त्यात गेले. आपल्या कॉलेजात १४ एप्रिलच्या आसपास जो फायर सेफ्टीचा कार्यक्रम होतो आणि ज्याला आपण सगळे मागच्या दारानं सटकतो, तो त्यांच्या आठवणीत असतो. मुंबईपासून लढाई शेकडो मैल दूर होती, तरी मुंबईत माणसं युद्धानंच मेली.

अशा सैनिकांना जिथं मरण आलं तिथल्याच छावणीच्या किंवा गावच्या दफनभूमीत पुरलं जायचं. युद्ध संपलं, इंग्रज गेले, छावण्या उठल्या. मग प्रश्न आला, या विखुरलेल्या कबरींकडे पुढची शंभर वर्षं कोण पाहणार? म्हणून पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्या कबरींच्या कायमच्या देखभालीची खात्री नव्हती, त्या एकत्र आणून खडकीला ही स्मशानभूमी केली. थोडक्यात, ही रणभूमी नाही, गोळा करून आणलेली वस्ती आहे.

शिवडीची गोष्ट

खडकीच्या आवारात एक मोठं स्मारक आहे, पहिल्या महायुद्धाचं. त्यावर १८०० पेक्षा जास्त नावं आहेत. हे सैनिक भारत आणि आताच्या पाकिस्तानात ठिकठिकाणी पुरलेले, पण त्यांच्या कबरी आता नीट राखता येत नाहीत. त्यातली ६२९ नावं मात्र वेगळी आहेत. त्यांचे अवशेष जून १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी स्मशानभूमीतून उचलून इथं आणून पुन्हा पुरले.

मुंबईत मुळात युरोपीय लोकांची दफनभूमी कुलाब्याकडे मेंढॅम्स पॉइंटला होती. शहर वाढलं तशी ती सोनापूरला हलली. आपल्याकडे ‘सोनापूरला गेला’ म्हणजे काय हे जुन्या माणसांना विचारा. तेही शहराच्या पोटात आलं. मग १८६५ मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी (ज्यांच्या नावाचं मार्केट आहे तेच) शिवडीला ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती ती जागा घेतली आणि तिथं नवी दफनभूमी केली. म्हणजे आधी झाडं लावायची जागा, मग माणसं.

आपण इंजिनिअरिंगवाले म्हणून शिवडीला जावं अशी दोन कारणं आहेत. व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि मुंबई महापालिकेची इमारत ज्यानं रचली तो फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स १९०० मध्ये मुंबईत वारला. तो शिवडीला आहे. गेटवे ऑफ इंडियाचा आर्किटेक्ट जॉर्ज विटेट १९२६ मध्ये वारला; तोही तिथंच. शेगावहून गाडीत बसून आपण व्हीटीला उतरतो, सेल्फी काढतो, पण ते ज्यानं बांधलं तो पुढच्याच हार्बर लाइनवर आडवा आहे, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

पण शिवडी हे चालू शहराचं चालू कबरस्तान. मुंबईत जिवंत माणसाला जागा नाही, मेलेल्याला कुठून असणार? शहरातल्या दफनभूमीत ठरावीक वर्षांनी तीच जागा पुन्हा वापरावी लागते. एका सामान्य कबरीचं आयुष्य म्हणजे तिची आठवण ठेवणाऱ्या नातेवाइकांचं आयुष्य. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचे नातेवाईक सात समुद्रापार. म्हणून ते ६२९ जण खडकीला हलवले. मेल्यानंतर पंचेचाळीस-पन्नास वर्षांनी त्यांची अशी बदली झाली.

एक दगड कसा करायचा?

आता थोडं आपल्या अभ्यासक्रमातलं. या सगळ्या कबरींची देखभाल एक संस्था करते, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. फॅबियन वेअर नावाच्या गृहस्थानं पाठपुरावा करून २१ मे १९१७ ला ती स्थापन करवली. जगात दीडशेवर देशांत सतरा लाख मृतांच्या नोंदी ती सांभाळते. खर्च सहा देश वाटून घेतात: ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत. सगळ्यात मोठा वाटा ब्रिटनचा.

संस्थेनं सुरुवातीलाच तीन-चार नियम ठरवले. प्रत्येकाचं नाव लागलं पाहिजे. दगड कायमचा टिकला पाहिजे. सगळे दगड सारखे असले पाहिजेत. आणि हुद्दा, वंश, धर्म यावरून भेद करायचा नाही. जनरल असो की शिपाई, दगड एकच.

त्या दगडाचं डिझाइन पाहा. उंची ८१.३ सेंमी, रुंदी ३८.१ सेंमी, जाडी ७.६ सेंमी. माथा सपाट नाही, किंचित गोलाई दिलेली. का? पावसाचं पाणी थांबू नये म्हणून. अक्षरांचं वळण मॅकडॉनल्ड गिल नावाच्या कलाकारानं मुद्दाम तयार केलं, दगड झिजला तरी लांबून वाचता यावं असं. लाखो दगड हातानं कोरायला किती वर्षं लागली असती? म्हणून पुढं पेंटोग्राफच्या तत्त्वावर चालणारं यंत्र वापरलं. फर्स्ट इयरच्या ड्रॉइंगला शिकलेलं तेच ते पेंटोग्राफ. दगड एकेकटा रोवला तर वर्षभरात कलेल, म्हणून बऱ्याच ठिकाणी ओळीखालून काँक्रीटचा सलग बीम घालतात आणि त्यात दगड बसवतात. आपल्या काळ्या मातीत कंपाउंड वॉल का तडकते हे ज्यानं पाहिलंय, त्याला या बीमचं महत्त्व वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात फुगवटा, आणि भिंत गेली कामातून.

पहिल्या महायुद्धाच्या वेळी दगडाच्या तळाशी कुटुंबाला स्वतःची एक ओळ कोरता यायची. मर्यादा होती ६६ अक्षरांची, मधल्या मोकळ्या जागा धरून. आपल्या जुन्या एसएमएसला १६० मिळायची. पोरगा गेलाय आणि आईबापाला ६६ अक्षरांत जे काय ते सांगायचंय.

सारखेपणाचा नियम सगळ्यांना आवडला असं समजू नका. मृतदेह घरी नेण्यावर बंदी होती. ‘आमचा मुलगा आम्हाला द्या, आम्ही आमच्या पद्धतीनं पुरू,’ असं म्हणत कित्येक आया सह्या गोळा करत होत्या. मे १९२० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये यावर वाद झाला. संस्थेचं म्हणणं होतं, परवानगी दिली तर श्रीमंताचा मुलगा घरी येईल आणि गरिबाचा परमुलखात राहील. संस्था जिंकली. या संस्थेचा साहित्यिक सल्लागार होता रुडयार्ड किपलिंग. ज्या वर्षी शिवडीची दफनभूमी झाली त्याच १८६५ मध्ये, डिसेंबरात, हा मुंबईत जे. जे. स्कूलच्या आवारात जन्मला. १९१५ मध्ये त्याचा अठरा वर्षांचा मुलगा फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत बेपत्ता झाला. ज्याची ओळख पटली नाही अशा सैनिकांच्या दगडावर काय लिहायचं, ते शब्द याच बापानं सुचवले.

मामांचा प्रश्न

मी हे सगळं मोठ्या उत्साहानं मामांना सांगत होतो. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सारं खरं हाय भाचेबुवा. पण आपले कुठं हायत?”

मी गप्प.

आमच्या घरात एक गोष्ट सांगतात. माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ ‘बसऱ्याच्या लढाईले’ गेले आणि परत आलेच नाहीत. पलटणीत होते की खेचरं हाकायला होते, हेही आज कुणाला सांगता येत नाही. पणजी म्हणे मरेपर्यंत सणाला एक ताट जास्तीचं वाढायची. एवढंच उरलंय. फोटो नाही, तारीख नाही, दगड तर नाहीच.

पुण्याहून परत आल्यावर मी वाचायला लागलो. पहिल्या महायुद्धात तेरा लाखांवर हिंदी माणसं समुद्रापार गेली, सुमारे ७४ हजार मेली. ‘बसऱ्याची लढाई’ म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. तिथं सहावी पुणे डिव्हिजन कूत-अल-अमाराला वेढ्यात अडकली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून पावणेपाच महिने वेढा चालला, माणसांनी घोडे मारून खाल्ले आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करली. त्यानंतर कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत हजारो मेले.

त्यांच्यासाठी बसऱ्याला १९२९ मध्ये मोठं स्मारक उभारलं. चाळीस हजारांवर मृतांचं. आणि इथंच तो ‘भेद करायचा नाही’ वाला नियम मोडला. ब्रिटिश सैनिकांची नावं भिंतीवर कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र नावं नाहीत; पलटणीच्या नावाखाली ‘आणि इतके इतर’ असा फक्त आकडा. नावं छापील रजिस्टरात गेली. पुढं १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमानं ते स्मारकच उचलून वाळवंटात नासिरियाच्या रस्त्याला नेऊन ठेवलं.

सगळीकडे असंच झालं असं मात्र नाही. फ्रान्समध्ये नव्ह शापेलला १९२७ मध्ये उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावं एकेक करून कोरलेली आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवरही तेरा हजारांवर नावं आहेत. पण युरोपातल्या लोकांना दिसेल तिथं एक न्याय आणि इराक-आफ्रिकेत दुसरा, हे नाकारता येत नाही. संस्थेनं स्वतःच चौकशी समिती नेमली आणि एप्रिल २०२१ मध्ये अहवाल जाहीर केला. पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांची आठवण असमान पद्धतीनं ठेवली गेली आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची नावानिशी किंवा कसलीच नोंद स्मारकावर झाली नाही, असं त्यात कबूल केलंय. बहुतेक सगळे आशिया-आफ्रिकेतले. संस्थेनं आणि ब्रिटिश सरकारनं माफी मागितली. शंभर वर्षं लागली, पण चूक मोजून, आकडा लिहून मागितली हेही खरं.

खडकीच्या त्याच आवारात आणखी एक छोटं स्मारक आहे हे मला नंतर लक्षात आलं. दुसऱ्या महायुद्धात इथं वारलेल्या पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या १९३ सैनिकांचं. ब्रह्मदेशात लढायला आणलेल्या आफ्रिकी डिव्हिजनांतली ही माणसं. त्यांच्या गावात त्यांचंही ताट कुणीतरी वाढत असेल.

आपले हिंदू आणि शीख सैनिक जाळले जायचे, त्यामुळे कबरीचा प्रश्नच नव्हता. त्यांच्यासाठी नाव हाच दगड. माणगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्यानं मशिनगनच्या ठाण्यावर तुटून पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव इटलीतल्या कसिनो स्मारकावर आहे आणि पुतळा माणगावला. अविभाजित भारताच्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावं दिल्ली आणि कराची अशा दोन्ही ठिकाणी नोंदवून ठेवलीत. देश दोन झाले, मेलेल्यांची यादी एकच राहिली.

मी कमिशनच्या नोंदींत आमचे ते आजोबा शोधले. नाव टाकलं तर त्याच नावाची ढीगभर माणसं आली. बऱ्याच जणांना आडनाव नाही, गावांच्या स्पेलिंगचा पत्ता नाही. पलटण माहीत असती तर शोधता आलं असतं. बापाचं नाव, गावाचं नाव बरोबर लिहिलेलं कुठं असतं तर जमलं असतं. ते आमच्या घरीच कुणी लिहिलं नव्हतं. इंग्रजांनी एक चूक केली, ती अहवालात आली. आमची चूक कोणत्या अहवालात येणार?

आपल्या जिल्ह्यात

आपल्याकडे आठवण ठेवायची रीत नाही असं मुळीच नाही. सिंदखेडराजाला लखुजी जाधवरावांची समाधी पाहा. १६२९ मध्ये देवगिरीला दगाफटक्यानं मुलांसह मारले गेलेले जिजाऊंचे वडील, आणि समाधी अशी की आजही मान वर करून पाहावी लागते. पण ती राजाची. धाडवरून भोकरदनकडे गेलं की असई लागतं. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथं वेलस्ली आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजा भिडल्या. इंग्रजांच्या बाजूचे मृत, जखमी, बेपत्ता मिळून दीड हजारावर होते, हा हिशोब लिहिलेला आहे. आपल्या बाजूच्या शिपायांची नावं? शेतात.

चित्र बदलतंय, हेही सांगितलं पाहिजे. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले. त्यात दोन आपल्या जिल्ह्यातले: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. त्यांना निरोप द्यायला माणसांचा पूर लोटला होता. ही नावं जिल्ह्यात कुणालाही विचारा, सांगतील. आणखी शंभर वर्षांनी सांगतील का, हे आपण आज काय लिहून ठेवतो त्यावर आहे.

ट्रेनिंग संपल्यावर निघायच्या आदल्या दिवशी मी आणि मामा पुन्हा खडकीला गेलो. तिथं भिंतीत धातूची एक छोटी पेटी असते, तिच्यात रजिस्टर आणि भेट देणाऱ्यांसाठी वही. मी सही केली, गावाच्या रकान्यात ‘जि. बुलढाणा’ लिहिलं. मामांनी पेन मागितलं. त्यांनी स्वतःचं नाव लिहिलंच नाही. बसऱ्याला गेलेल्या आमच्या त्या आजोबांचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, बाळबोध अक्षरात लिहिलं. मी म्हटलं, “मामा, ही भेट देणाऱ्यांची वही आहे.” तर म्हणाले, “असू दे. कुठंतरी तं लागलं पाह्यजे नाव.”

मला तेव्हा कळलं की ते पूर्ण नाव मामांना पाठ होतं. म्हणजे आमच्या घराण्याचं नाव माझ्या आईच्या माहेरच्या माणसाला ठाऊक, आणि मला नाही. मी ते तिथंच माझ्या ट्रेनिंगच्या डायरीत उतरवून घेतलं.

मित्रांनो, दिवाळीला घरी जाल तेव्हा एक काम करा. मोबाइल बाजूला ठेवा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, आपल्यातलं कोण कुठं गेलं आणि परत आलं नाही. फौजेतच गेलेलं असेल असं नाही. कुणी गिरणीत, कुणी धरणाच्या कामावर, कुणी नुसतंच. नाव, बापाचं नाव, गाव, साल, जेवढं मिळेल तेवढं वहीत लिहा. खर्च एका पेनाचा. जर्नलं आपण चार-चार उतरवतो, हे एक पान उतरवायला काय हरकत आहे?